फळा, खडू आणि मूळ संख्या

४ ऑगस्ट २००२, रविवार. आयआयटी कानपूरच्या संगणकशास्त्र विभागातून जगभरातील पंधरा तज्ज्ञांकडे एक ई-मेल रवाना झाला. सोबत नऊ पानांचा एक निबंध होता. लेखक तिघे : प्राध्यापक मणीन्द्र अग्रवाल, आणि त्याच उन्हाळ्यात बी.टेक. होऊन बाहेर पडलेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना. निबंधाचे शीर्षक होते ‘प्राइम्स इज इन पी’.

सोमवारी अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये काम करणारे गणिती कार्ल पॉमरन्स यांनी तो निबंध वाचला, सिद्धता पडताळली आणि त्याच दुपारी सहकाऱ्यांना जमवून तिच्यावर व्याख्यानही दिले. मंगळवारी निबंध सर्वांसाठी खुला झाला आणि गुरुवारी, ८ ऑगस्टला, ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये त्याची बातमी छापून आली. गणितातल्या एखाद्या मोठ्या दाव्याची शहानिशा व्हायला महिने, कधी वर्षेही लागतात. येथे काम चार दिवसांत झाले, याचे कारण निबंधाच्या साधेपणात होते.

‘प्राइम्स इज इन पी’ या चार शब्दांचा अर्थ सामान्य वाचकाला लागणार नाही. मात्र भारतातल्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’ हा विषय शिकलेल्या विद्यार्थ्याला ते आपल्या वहीतलेच वाक्य वाटेल. पुण्यात ज्याला ‘टीओसी’ म्हणतात आणि मुंबईत जो ‘थिऑरेटिकल कम्प्युटर सायन्स’ या नावाने तिसऱ्या वर्षाला असतो, तोच हा विषय. त्यात संगणक लागत नाही. वर्तुळे आणि बाण काढून मर्यादित अवस्थांची यंत्रे रेखाटायची, व्याकरणाचे नियम लिहून भाषा निर्माण करायच्या, अनंत लांबीच्या फितीवर पुढेमागे सरकणारे ट्युरिंग यंत्र कल्पायचे आणि काही प्रश्न कोणत्याही यंत्राला सुटणारच नाहीत हे सिद्ध करायचे. ‘गेट’ परीक्षेत त्याला गुण असतात, म्हणून पुष्कळांचा तो पाठ असतो. नोकरीच्या मुलाखतीत त्याचा उपयोग काय, हा प्रश्न दर वर्षी नव्याने विचारला जातो. कानपूरचा निबंध या विषयाच्या वर्गातून निघाला, तोही केवळ स्फूर्तीने नव्हे, तर तेथली हत्यारे हाती घेऊन. म्हणून त्याचा इतिहास वर्गापासूनच सांगावा लागतो.

हा विषय यंत्रांच्या आधी जन्मला. गणितातले प्रत्येक विधान खरे की खोटे हे ठरवणारी एखादी यांत्रिक रीत असेल काय, असा प्रश्न डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९२८ मध्ये विचारला होता. त्याचे नकारार्थी उत्तर देताना ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये आपले काल्पनिक यंत्र मांडले. त्या वेळी आजच्या अर्थाने संगणक कोठेही नव्हता. पुढे यंत्रे आली, तसा प्रश्न बदलला. सुटेल की नाही, एवढे पुरेना. सुटायला वेळ किती लागेल, हे विचारणे भाग पडले. १९६५ च्या सुमारास ॲलन कोबम आणि जॅक एडमंड्स यांनी स्वतंत्रपणे एक सीमारेषा सुचवली. प्रश्नाची लांबी वाढत गेली की लागणारा वेळ त्या लांबीच्या वर्ग, घन किंवा अशाच एखाद्या ठरावीक घाताच्या मर्यादेत राहत असेल, तर तो प्रश्न आटोक्यातला मानावा. अशा प्रश्नांच्या वर्गाला ‘पी’ म्हणतात. पी म्हणजे पॉलिनॉमियल, बहुपदी. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी ‘पी’ आणि ‘एनपी’ यांच्यातला तो प्रसिद्ध प्रश्न उभा केला. एनपीमध्ये उत्तर सापडणे कठीण असेल, पण कोणी उत्तर हातात दिले तर ते तपासणे सोपे असते.

मूळ संख्या ओळखण्याचा प्रश्न येथे येऊन भिडतो. एखादी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ठरवण्याची शाळेतली रीत सगळ्यांना ठाऊक असते : तिच्या वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहायचे. वर्गातले पुष्कळ विद्यार्थी येथे हमखास फसतात. संख्या जर न असेल, तर भागाकार फक्त वर्गमूळ न इतकेच; मग ही रीत पीमध्ये का नाही? नाही, कारण यंत्राला दिलेल्या माहितीची लांबी न नसते, ती न लिहायला लागणाऱ्या अंकांइतकी असते. शंभर अंकी संख्येचे वर्गमूळ सुमारे पन्नास अंकी असते. सेकंदाला एक लाख कोटी भागाकार करणारे यंत्र बसवले, तरी लागणाऱ्या काळापुढे विश्वाचे आजवरचे वय क्षणभराचे ठरेल. लांबी शंभर आणि काम दहाचा पन्नासावा घात, ही घातांकी वाढ झाली. हा एक भेद नीट उमगला की अर्धा विषय उमगला असे म्हणायला हरकत नाही.

गाउस यांनी १८०१ मध्ये आपल्या ग्रंथात मूळ आणि संयुक्त संख्या वेगळ्या ओळखण्याचा प्रश्न अंकगणितातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नांत गणला होता. संगणनाच्या सिद्धान्ताने त्याला नेमका आकार दिला : मूळ संख्या ओळखणे हे पीमध्ये आहे काय? १९७५ मध्ये वॉन प्रॅट यांनी तो प्रश्न एनपीमध्ये आहे हे दाखवले. पुढल्याच वर्षी गॅरी मिलर यांनी झटपट चालणारी रीत दिली. मात्र ती बिनचूक आहे हे सिद्ध करायला रीमानच्या गृहीतकाचे विस्तारित रूप खरे मानावे लागत होते, आणि ते आजही सिद्ध झालेले नाही. सोलोव्हे व श्ट्रासेन आणि मायकेल राबिन यांनी दुसरा मार्ग काढला. नाणेफेक करून काही संख्या निवडायच्या आणि त्यांच्यावर चाचणी घ्यायची. मिलर-राबिन रीतीत एका फेरीत संयुक्त संख्या मूळ म्हणून निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त एक चतुर्थांश असते. अशा चाळीस फेऱ्या केल्या की चूक जवळजवळ अशक्य कोटीत जाते. १९८३ मध्ये ॲडलमन, पॉमरन्स आणि रुमेली यांनी नाणेफेकीविना चालणारी एक रीत दिली, ती बहुपदी वेळेच्या अगदी उंबरठ्यापर्यंत पोहोचली. उंबरठा मात्र ओलांडला गेला नाही. तो पुढची एकोणीस वर्षे तसाच राहिला.

व्यवहाराला एवढे पुरेसे होते. मग शंभर टक्के खात्रीचा हट्ट कशासाठी? कारण प्रश्न केवळ मूळ संख्यांचा नव्हता. नाणेफेकीमुळे यंत्राला खरोखरच अधिक बळ मिळते, की ती फक्त आपल्या अज्ञानावर घातलेली झूल असते, हा या विषयातला एक मूलभूत प्रश्न आहे. मूळ संख्यांची चाचणी हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होते. नाणेफेकीने चुटकीसरशी सुटणारा आणि तिच्याविना अडलेला प्रश्न म्हणून तो वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांत दिला जात होता.

भारतात हा विषय कसा रुजला, हे पाहिल्यावाचून कानपूरचा प्रसंग अधांतरी वाटेल. देशात संगणक मोजके होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने बांधलेले ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये चालू झाले. कानपूरला आयबीएम १६२० हे यंत्र १९६३ मध्ये आले आणि त्याच्या आधाराने संगणकाचे शिक्षण सुरू झाले. १९७१ मध्ये एम.टेक. व पीएच.डी., १९७८ मध्ये बी.टेक. आणि १९८४ मध्ये स्वतंत्र विभाग, अशा पायऱ्यांनी ते वाढले. यंत्रांची टंचाई होती म्हणून सिद्धान्ताला बहर आला, असे म्हणण्याचा मोह होतो. ते पुरते खरे नाही. टंचाई तर पुष्कळ विषयांत होती, आणि त्या सगळ्यांना बहर आला नाही. मात्र ज्या विषयाला खडू, फळा आणि नियतकालिकांचे बरे ग्रंथालय एवढेच भांडवल लागते, त्यात दूर बसूनही जगाच्या बरोबरीने विचार करता येतो, हे खरे.

याचे एक लोभस उदाहरण मद्रासजवळ तांबरमचे आहे. तेथल्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात राणी सिरोमनी आणि गिफ्ट सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७० च्या दशकात चित्रांच्या व्याकरणाचा अभ्यास केला. अक्षरांच्या ओळी निर्माण करणारे व्याकरण वर्गात सगळेच शिकवतात. यांनी ओळीऐवजी अक्षरांची चौकट घेतली. आणि हाताशी उदाहरण कोणते, तर दारात रोज सकाळी काढला जाणारा कोलम, म्हणजे आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीची दक्षिणेतली बहीण. कोलम काढण्याचे नियम आणि औपचारिक भाषांचे नियम यांची सांगड घालणारे त्यांचे निबंध परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. पुढे कमला कृतिवासन यांनी आयआयटी मद्रासमध्ये ऑटोमाटा हा विषय विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांना शिकवला. १९८१ पासून ‘एफएसटीटीसीएस’ ही वार्षिक परिषदही भरू लागली आणि विखुरलेल्या अभ्यासकांना दर डिसेंबरला भेटण्याचे ठिकाण मिळाले.

मणीन्द्र अग्रवाल या परंपरेत वाढले. बी.टेक. कानपूरचेच, पीएच.डी.ही तेथेच, १९९१ मध्ये, सोमनाथ विश्वास यांच्या मार्गदर्शनाखाली. मधली काही वर्षे चेन्नई आणि जर्मनीतील उल्म येथे काढून ते १९९६ मध्ये कानपूरला प्राध्यापक म्हणून परतले. १९९९ मध्ये गुरू-शिष्यांनी मिळून एक निबंध लिहिला, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीज त्यात आहे.

ते बीज अकरावीच्या विद्यार्थ्याला समजेल असे आहे. (क्ष + १) चा पाचवा घात उलगडला, तर मधले सहगुणक ५, १०, १०, ५ येतात. सगळ्यांना ५ ने भाग जातो. चौथा घात उलगडला, तर ४, ६, ४ येतात. ६ ला ४ ने भाग जात नाही. सहाव्या घातात १५ येतो, त्याला ६ ने भाग जात नाही. पास्कलचा त्रिकोण, किंवा दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील टीकेत समजावलेला मेरुप्रस्तार, समोर ठेवला की हा नियम डोळ्यांना दिसतो : ओळीचा क्रमांक मूळ असेल तेव्हा, आणि तेव्हाच, दोन टोकांचे एक सोडून ओळीतल्या सर्व संख्यांना त्या क्रमांकाने भाग जातो. म्हणजे मूळ संख्येची ही अचूक कसोटी झाली. फर्माच्या जुन्या कसोटीला ५६१ सारख्या संख्या चकवतात. ५६१ म्हणजे ३ गुणिले ११ गुणिले १७, तरीही फर्माच्या कसोटीत ती मूळ संख्येचे सोंग बेमालूम वठवते. बहुपदीच्या कसोटीला असे कोणी चकवू शकत नाही.

अडचण एकच. शंभर अंकी न घेतला, तर त्या ओळीत न + १ सहगुणक असतात. ते नुसते लिहून काढणेच अशक्य. अग्रवाल आणि विश्वास यांनी सुचवलेली युक्ती वर्गातल्या एका ओळखीच्या कल्पनेची होती : दोन प्रचंड वस्तू समान आहेत का हे पाहायचे असेल, तर त्या अख्ख्या ताडून पाहू नयेत, दोघींना एका छोट्या वस्तूने भागावे आणि उरलेल्या बाकी ताडून पाहाव्यात. त्यांनी लहान घाताची एक बहुपदी नाणेफेकीने निवडली आणि तिने भागले. बाकी जुळल्या नाहीत, तर संख्या नक्की संयुक्त. जुळल्या, तर बहुधा मूळ. ‘बहुधा’ हा शब्द अजून शिल्लक होता.

तो शब्द काढून टाकण्याचे काम बी.टेक.च्या विद्यार्थ्यांकडे प्रकल्प म्हणून गेले. ही गोष्ट वरवर वाचून पुढे जाण्याजोगी नाही. जगातल्या नामवंत गणित्यांना तीन दशके न सुटलेला प्रश्न शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा, हे धाडस होते; पण त्यांना अख्खा प्रश्न दिला नव्हता, त्याचा एक पकडता येईल असा पदर दिला होता. नाणेफेकीच्या बहुपदीऐवजी ‘क्षचा र घात वजा एक’ ही अगदी साधी बहुपदी घेतली, तर किती संयुक्त संख्या निसटतात? २००१ मध्ये रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे यांनी संगणकावर त्याचा शोध घेतला. र १०० पर्यंत आणि न एक हजार कोटींपर्यंत तपासून पाहिल्यावर निसटणाऱ्या संख्यांत त्यांना एक नियम दिसला आणि त्यांनी तो अनुमान म्हणून मांडला. फळ्याची महती गाताना हेही नोंदवले पाहिजे की या टप्प्यावर संगणक कामाला आला. पण काय शोधायचे, ते फळ्यावर आधी ठरले होते.

पुढच्या वर्षी कयाल आणि सक्सेना यांनी तोच प्रकल्प हाती घेतला. रीमानच्या गृहीतकाचे विस्तारित रूप खरे मानल्यास ही चाचणी पुरेशी ठरते, इथवर ते पोहोचले. तसे पाहिले तर हे मिलर यांच्याच जागी, पंचवीस वर्षांनी, वेगळ्या वाटेने पोहोचणे होते. एप्रिल २००२ मध्ये दोघांचा बी.टेक.चा प्रबंध पूर्ण झाला. पदवी मिळाली, पीएच.डी.साठी दोघे तेथेच राहिले आणि उन्हाळ्यात काम चालूच राहिले. आता त्यांनी दृष्टी बदलली. तोवर (क्ष वजा १) हे पद कायम ठेवून र बदलत राहण्याचा प्रघात होता. त्यांनी र एकदाच, जपून निवडून कायम केला आणि (क्ष + १), (क्ष + २), (क्ष + ३) अशी पदे बदलत नेली. काही आठवड्यांत कोडे सुटले.

सिद्धतेचा गाभा पाहिला की तिला जगभर ‘सर्वसामान्यांचा शोध’ असे का म्हटले गेले ते कळते. टीओसीच्या पहिल्या काही आठवड्यांत ‘पम्पिंग लेमा’ शिकवतात. त्याचा आधार कबुतरखान्याचे तत्त्व : कबुतरे जास्त आणि खुराडी कमी असतील, तर एका खुराड्यात दोन कबुतरे येणारच. यंत्राच्या अवस्था मोजक्या आणि शब्द त्याहून लांब असेल, तर यंत्र एखाद्या अवस्थेत दुसऱ्यांदा येतेच. कानपूरची सिद्धता ज्या बिजागरीवर फिरते, ती हीच आहे. समजा, न संयुक्त असूनही साऱ्या चाचण्यांतून निसटला. त्याचा एक मूळ अवयव प घ्यावा. मग चाचणीतली समानता न साठी खरी, प साठीही खरी, आणि म्हणून न व प यांच्या घातांच्या कोणत्याही गुणाकारासाठी खरी. अशा गुणाकारांना र ने भागल्यावर मिळणाऱ्या बाकी मोजक्याच असतात. बाकींच्या संख्येपेक्षा जास्त गुणाकार घेतले, की दोन वेगळ्या गुणाकारांची बाकी एकच येते : दोन कबुतरे, एक खुराडे. त्यातून एक समीकरण मिळते, आणि (क्ष + १), (क्ष + २) अशी पदे एकमेकांत गुणून बनणाऱ्या साऱ्या बहुपदी त्या समीकरणाची उत्तरे ठरतात. पण ही उत्तरे समीकरणाच्या घातापेक्षा कितीतरी अधिक भरतात, आणि तसे होणे अशक्य. सुटकेची एकच फट राहते : न हा प चा नुसता घात असणे. ती शक्यता चाचणीच्या पहिल्याच पायरीत तपासून बाद केलेली असते.

पहिल्या आवृत्तीत योग्य र सापडतोच याची हमी देण्यासाठी एत्येन फूव्री यांच्या १९८५ मधील एका अवघड प्रमेयाची मदत घेतली होती. हेन्ड्रिक लेन्स्ट्रा यांच्या सुचवणीने तोही भाग सोपा झाला, आणि छापील निबंधात बव्हंशी पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल एवढेच गणित उरले. ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, अवघ्या तेरा पानांत. २००६ मध्ये तिघांना ग्योडेल पारितोषिक आणि फुल्करसन पारितोषिक मिळाले.

त्या काळच्या बातम्यांत एक गोंधळ वारंवार झाला आणि तो अजूनही अधूनमधून डोके वर काढतो. मूळ संख्या चटकन ओळखता आल्या, आता बँकांची गुप्तलिपी फुटणार, अशी भीती घातली गेली. गुप्तलिपीची भिस्त मूळ संख्या ओळखण्याच्या अवघडपणावर नसते; ती मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या अवघडपणावर असते. एखादी संख्या संयुक्त आहे हे सांगणारी कानपूरची रीत तिचे अवयव कोणते हे सांगत नाही. उलट, गुप्तलिपीच्या किल्ल्या तयार करायला मोठ्या मूळ संख्या लागतात आणि त्या शोधायला आजही मिलर-राबिनचीच नाणेफेक वापरतात. कारण कानपूरची रीत पीमध्ये असली तरी संथ आहे. अंकांच्या संख्येच्या बाराव्या घाताच्या आसपास वेळ, असा तिचा पहिला हिशेब होता. छापील निबंधात तो साडेदहावर आला, आणि लेन्स्ट्रा व पॉमरन्स यांनी सुधारलेल्या रूपात सहावर. नाणेफेकीच्या रीती त्याहून कितीतरी पुढे धावतात. या शोधाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला बँकेच्या व्यवहारात दाखवण्याजोगे उत्तर नाही, हे मान्य करावे. एका खास प्रश्नात नाणेफेकीची गरज नव्हती हे त्याने दाखवले. त्याचे मोल तेथे आहे.

२००२ हे साल या विषयासाठी विलक्षणच होते. त्याच ऑगस्टमध्ये बीजिंगच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत, आयआयटी दिल्लीतून शिकून गेलेल्या मधू सुदान यांना नेवानलिन्ना पारितोषिक देण्यात आले. त्याच वर्षी इचलकरंजीचे सुभाष खोत यांनी प्रिन्स्टन येथे ‘युनिक गेम्स’ हे अनुमान मांडले. आयआयटी मुंबईतून १९९९ मध्ये पदवी घेतलेल्या खोत यांना पुढे २०१४ मध्ये तेच पारितोषिक मिळाले. या तिघांच्या कामाचा एकमेकांशी थेट संबंध नाही, आणि दोघांचे काम परदेशात झाले. कानपूरचे वेगळेपण हेच की प्रश्न येथे धरला, येथे जोपासला आणि येथेच सोडवला.

आणि तो पुरता संपलेलाही नाही. भट्टाचार्जी आणि पांडे यांच्या अनुमानातून, किंचित बदलून, अग्रवाल यांचे अनुमान तयार झाले. ते खरे निघाले तर चाचणीचा वेळ अंकसंख्येच्या घनापर्यंत खाली येईल. लेन्स्ट्रा आणि पॉमरन्स यांनी मात्र ते बहुधा खोटे असावे असे दाखवणारे तर्क दिले आहेत. आजवर कोणाला ते सिद्ध करता आलेले नाही, किंवा खोटे पाडणारे एकही उदाहरण हाती आलेले नाही.

त्याहून मोठा प्रश्न १९९९ च्या निबंधात दडलेला होता. दोन बहुपदी एकच आहेत का, हे त्या न उलगडता, नाणेफेकीविना सांगता येईल काय? मूळ संख्यांची चाचणी हा या व्यापक प्रश्नाचा एक विशेष प्रकार ठरतो. नाणेफेकीने तो सहज सुटतो. तिच्याविना सर्वसाधारण रूपात अजून सुटलेला नाही. कयाल आणि सक्सेना यांनी पुढची वर्षे मुख्यतः याच प्रदेशात घालवली. एक बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये, दुसरे परत कानपूरच्या विभागात. सोमनाथ विश्वास यांची टीओसीची व्याख्याने एनपीटीईएलवर कोणालाही पाहता येतात. फळ्यावर वर्तुळे आणि बाण तेच आहेत. २०२१ मध्ये, आयआयटी मुंबईत अनेक वर्षे अध्यापन केलेले नूतन लिमये आणि श्रीकांत श्रीनिवासन यांनी सेबास्तिअँ ताव्हना यांच्यासह एक निष्कर्ष सिद्ध केला. काही ठरावीक बहुपदी उथळ, म्हणजे मोजक्या थरांच्या बैजिक मंडलांनी मांडायच्या, तर ती मंडले बहुपदी मर्यादेत मावणार नाहीत, इतकी मोठी करावी लागतात. त्याच निष्कर्षातून अशा उथळ मंडलांपुरती, समानता नाणेफेकीविना तपासण्याची, घातांकी वेळेपेक्षा पुष्कळ लवकर संपणारी पहिली रीत मिळाली. ती अजून बहुपदी वेळेत बसत नाही, आणि सर्वसाधारण मंडलांचा प्रश्न तर तसाच उघडा आहे.